आईला घेऊन एप्रिलमध्ये ट्युलिप बघायला नेदरलँड्स – अनुभवी लोकांची मदत हवी आहे

मृण्मयी_ठाणे | ११ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता दिवाळी होऊन गेली, आज एकदाचा धागा काढते आहे.

माझी आई ६८ वर्षांची आहे. माहेर सासवडजवळचं, मामाकडे अजूनही शेवंती आणि अष्टर असतं, लहानपणी शाळेत जायच्या आधी फुलं तोडायची आणि मग अंघोळ असा तिचा दिवस सुरू व्हायचा. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, त्यानंतर ती फारशी कुठे बाहेर पडलीच नाही, गॅलरीतल्या कुंड्या आणि ती. मध्यंतरी कुणीतरी तिला क्यूकेनहॉफ बागेचा व्हिडिओ पाठवला, तो तिने इतक्यांदा बघितलाय की मला आता त्यातलं म्युझिक पाठ झालंय. मला एकदा विचारलं, हे खरंच असतं का गं, की रंग चढवतात? तेव्हाच ठरवलं की हिला न्यायचंच.

तर एप्रिल २०२५ चा विचार आहे, मी आणि आई दोघीच, आठ-नऊ दिवस. नवऱ्याला सुट्टी नाही. माझा गोंधळ असा आहे की टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण, नक्की कुठल्या आठवड्यात जावं (सगळे वेगवेगळं सांगतात), आणि आईचा डावा गुडघा दुखतो, ती सलग अर्धा तास चालू शकते, पुढे बसावं लागतं, तर ही बाग तिला झेपेल का. मी परदेशात फक्त ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेलेय त्यामुळे युरोपचं काहीच माहीत नाही. फार घाईघाईत सात ठिकाणं बघायची इच्छा नाहीये. फुलं नीट बघायची आहेत, बाकी जे होईल ते होईल.

प्रवासी_पक्षी | ११ नोव्हेंबर २०२४

ताई, टूर कंपनीबरोबर जाऊ नका एवढंच कळकळीने सांगतो. आम्ही दोघं २०१९ ला एका ग्रुप टूरने गेलो होतो, ११ दिवसांत सहा देश. बाकी व्यवस्था चांगली होती, जेवण वेळेवर, हॉटेलं स्वच्छ, तक्रार नाही. पण बागेत बस पोचली ११ वाजता आणि गाइडने सांगितलं बरोब्बर पाऊणला पार्किंगमध्ये या. पावणेदोन तास. त्यात टॉयलेटची रांग, ग्रुप फोटो, कुणीतरी हरवलं त्याची शोधाशोध. हिला पवनचक्कीपर्यंत जायचं होतं, लांबून दिसत होती, पण वेळच उरला नाही. बसमध्ये बसल्यावर ही म्हणाली, मी फुलं बघितलीच नाहीत हो, नुसते फोटो काढले. मला ते अजून लागून राहिलंय. तुमच्या आईला फुलांची एवढी ओढ आहे तर बाग तिच्या चालीने बघू दे.

साधा_माणूस | १२ नोव्हेंबर २०२४

खर्चाचा विचार असेल तर श्रीनगर पण आहे बरं का. दल लेकच्या वरच्या अंगाला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्युलिप गार्डन आहे, २००७ ला सुरू झालं, साधारण मार्चच्या शेवटापासून महिनाभर उघडं असतं. आम्ही आईवडिलांना घेऊन गेलो होतो, उताराच्या पायऱ्यांवर रंगांचे पट्टे आणि मागे बर्फाचे डोंगर, डोळ्यांत मावत नाही. कंद मूळचे हॉलंडहूनच आणलेले. व्हिसा नको, जेवणाचा प्रश्न नाही.

मृण्मयी_ठाणे | १२ नोव्हेंबर २०२४

@साधा_माणूस, श्रीनगर माझ्याही डोक्यात होतं, आणि कधीतरी जाऊच. पण आईला ती व्हिडिओतलीच बाग बघायची आहे आणि शिवाय तिला ते शेत बघायचंय जिथे हे कंद तयार होतात. शेतकऱ्याची मुलगी आहे, बागेपेक्षा शेतात जास्त रमेल असं मला वाटतं.

कालव्याकाठी | १३ नोव्हेंबर २०२४

मृण्मयी, मी क्यूकेनहॉफजवळच्या लायडन शहरात राहते, सात वर्षं झाली, दर वर्षी पाहुणे येतात आणि दर वर्षी मी बागेत किमान दोनदा जाते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी कुठल्या आठवड्यात ते. २०२५ ला बाग २० मार्च ते ११ मे उघडी आहे, वर्षातले हे आठच आठवडे, बाकी वर्षभर बंद. पण त्या आठ आठवड्यांत सगळं एकदम फुललेलं नसतं. मार्चमध्ये आलात तर क्रोकस, डॅफोडिल, मग हायसिंथ, ट्युलिप काचघरात असतात पण बाहेर फारसे नाहीत. ट्युलिपची खरी गर्दी साधारण एप्रिलच्या मध्यापासून. त्यात पण बाग वेगळी आणि शेतं वेगळी हे लक्षात घ्या, बाहेरची शेतं एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंगलेली असतात आणि महिनाअखेर एकेक शेत रिकामं व्हायला लागतं, बागेत मात्र मे पर्यंत फुलं असतात. त्याचं कारण फार सुंदर आहे. ते लोक एकाच वाफ्यात थरावर थर कंद लावतात, सगळ्यात खाली उशिरा फुलणारे ट्युलिप, त्याच्यावर लवकरचे, आणि वरच्या थरात क्रोकससारखे छोटे कंद. वरचे फुलून संपेपर्यंत खालचे वर येतात. एका जागेवर तीन बहर. आणि हे सगळे सुमारे ७० लाख कंद दर वर्षी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत माळी हाताने लावतात, आणि हंगाम संपला की उपटून टाकतात, पुढच्या वर्षी नवा आराखडा, नवे कंद. ते कंद तिथले शंभरेक उत्पादक स्वतःकडचे देतात कारण बाग म्हणजे त्यांच्या मालाचं प्रदर्शनच आहे. मुळात सुरुवातही तशीच झाली, १९४९ मध्ये २० कंद उत्पादक आणि व्यापारी एकत्र आले आणि १९५० मध्ये लोकांसाठी बाग उघडली.

तुम्हाला आईची दोन्ही हौस पुरी करायची असेल, बाग आणि शेत, तर १२ ते २४ एप्रिल याच्यातले दिवस धरा. मात्र २० एप्रिलला ईस्टर आहे, १८ ते २१ इथे ईस्टरचा लांब वीकेंड, त्या चार दिवसांत बागेकडे फिरकू नका. मंगळवार १५ किंवा बुधवार १६ घ्या. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, आत गेल्यावर संध्याकाळपर्यंत थांबा कुणी काही म्हणत नाही. साधारण २० युरो माणशी, ऑनलाइनच काढा.

आणि राहायला ॲमस्टरडॅमच्या मागे लागू नका. एप्रिलमध्ये हॉटेलं अव्वाच्या सव्वा असतात आणि वर साडेबारा टक्के पर्यटक कर. लायडन किंवा हार्लेम घ्या. विमानतळावरून लायडन ट्रेनने वीसेक मिनिटं, आणि लायडन स्टेशनच्या समोरून बागेची ८५४ नंबरची थेट बस सुटते, अर्ध्या तासात लिसेला बागेच्या दारात. विमानतळावरून जाणारी ८५८. बस आणि प्रवेश असं एकत्र तिकीट मिळतं ते घ्या.

गुडघ्याचं सांगायचं तर रस्ते सपाट आहेत, बाग ३२ हेक्टर, म्हणजे ८० एकर. दर थोड्या अंतरावर बाक आहेत. व्हीलचेअर बागेत भाड्याने मिळते पण आधी ऑनलाइन आरक्षण करून ठेवा, चांगल्या हवेच्या दिवशी संपतात. काकूंना वाटेल मला कशाला खुर्ची, मी चालते की. तरी घ्या, निदान पर्स आणि जाकिटं ठेवायला होते, आणि दोन तासांनी त्या आपोआप बसतील. माझ्या सासूबाईंचं असंच झालं.

प्रवासी_पक्षी | १३ नोव्हेंबर २०२४

@कालव्याकाठी, थरांचं माहीत नव्हतं! आता हिला वाचून दाखवलं. परत जायचं निघालंय आमच्यात.

बागवेडी | १४ नोव्हेंबर २०२४

मृण्मयी, तुझ्या आईसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेव, नाहीतर तिथे गेल्यावर तिला धक्का बसेल. शेतात ट्युलिप पूर्ण फुलला की शेतकरी मशिनने सगळी फुलं मुंडीपासून उडवतात. काल लालभडक शेत आणि आज नुसते हिरवे दांडे आणि पानं. तिथे कंद हे पीक आहे, फूल नाही. फूल ठेवलं तर झाड बी धरायच्या मागे लागतं, फूल काढलं की पानांत तयार झालेलं सगळं अन्न खाली कंदात जातं, कंद भरतो, शेजारी पिल्लं धरतात. मग जून-जुलैत पानं वाळली की काढणी. म्हणून अमुक शेत अमुक दिवशी फुललेलं असेल अशी खात्री तिथले लोकही देत नाहीत. आणि कृपा करून फोटोसाठी शेतात शिरू नका, पायाखाली कंद दबतो आणि बुटांच्या मातीतून एका शेताचा रोग दुसऱ्या शेतात जातो. बांधावरून बघायचं.

दुसरं म्हणजे आई कंद आणायचा हट्ट करेल, मी पण केला होता. कंद, रोप असं काहीही भारतात आणायला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) लागतं, प्लांट क्वारंटाइनचा २००३ चा आदेश आहे. सामानात टाकून आणणं म्हणजे इथल्या शेतात तिकडची कीड आणणं. आणि आणून उपयोगही नसतो गं. ट्युलिपच्या कंदाला फुलायच्या आधी तीन-चार महिने चांगली थंडी लागते, ती त्याच्या आतली घड्याळाची किल्ली समज. ठाण्यात किंवा पुण्यात थंडी दिलेला तयार कंद एकदा फुलेल पण पुढच्या वर्षीसाठी भरणार नाही. आपल्या निशिगंधासारखं नाही की एकदा लावला आणि तीन वर्षं फुलं.

मृण्मयी_ठाणे | १४ नोव्हेंबर २०२४

बागवेडी, हे आईला वाचून दाखवलं. मुंडी उडवतात म्हटल्यावर गप्पच झाली. मग दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून म्हणाली, अगं आपण शेवंतीचे शेंडे खुडतोच की, फुटवे यावेत म्हणून. तेव्हाही पहिल्यांदा बघणाऱ्याला वाईटच वाटतं.

ठरलं, आपलं आपण जायचं. लायडनला राहायचं. आता व्हिसा.

कागदपत्रे_तयार | १५ नोव्हेंबर २०२४

व्हिसासाठी: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आत्तासुद्धा करू शकता. थांबू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाळी सुट्टीवाल्यांची झुंबड असते, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे केंद्र आहे. फी ९० युरो झाली आहे जूनपासून, शिवाय केंद्राचा सर्व्हिस चार्ज. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा, आणि पॉलिसीवर शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला. नेदरलँड्ससाठी माणशी दिवसाला ५५ युरो खर्च करायची ऐपत दाखवावी लागते. आईंचं स्वतःचं उत्पन्न पेन्शन असेल तर पेन्शनचं पासबुक लावा, आणि खर्च तुम्ही करताय तर तुमचं पत्र, तुमचं बँक स्टेटमेंट, आयटीआर आणि तुम्ही मुलगी आहात याचा पुरावा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट लावायला विसरू नका, माझ्या बहिणीला यासाठीच परत पाठवलं होतं. रोजच्या दिवसाचा साधा तक्ता द्या, आज इथे राहणार उद्या हे बघणार. खरं तेच लिहा, फुलं बघायला जातोय हे कारण अगदी पुरेसं आहे.

सिअ‍ॅटलकर | १७ नोव्हेंबर २०२४

इथे आमच्याकडे पण स्कॅजिट व्हॅलीत एप्रिलभर ट्युलिप असतात, सिअ‍ॅटलहून गाडीने तासभर उत्तरेला. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि आईवडील एप्रिलमध्ये येणार आहेत त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. शेतात चिखल भरपूर, गमबूट घाला.

कालव्याकाठी | १८ नोव्हेंबर २०२४

थोडी भर. फ्लॉवर परेड, म्हणजे ब्लूमेनकोर्सो, १२ एप्रिलला शनिवारी आहे. नोर्डवाइकहून सकाळी निघते आणि रात्री हार्लेमला पोचते, ४२ किलोमीटर, सगळे रथ खऱ्या फुलांचे, त्यात हायसिंथ जास्त. आपल्या विसर्जन मिरवणुकीसारखी माणसं रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली असतात. गंमत म्हणजे लिसेला किंवा वाटेत उभं राहून बघण्यापेक्षा रविवारी हार्लेमला जा, रथ दुसऱ्या दिवशी तिथे उभे असतात, आईंना जवळ जाऊन बघता येईल, एकेक फूल कसं खोचलंय ते. आणि २६ एप्रिलच्या आधी परत निघा, राजाचा वाढदिवस साजरा होतो, खरी तारीख २७ पण त्या दिवशी रविवार आहे म्हणून आदल्या दिवशी. ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

मामांची फुलं गुलटेकडीला, पुण्याच्या मार्केट यार्डात जातात का? तर आल्समेरचा फुलांचा लिलाव नक्की दाखवा. सकाळी ७ ला उघडतो, शनिवार-रविवार बंद. प्रेक्षकांसाठी वरून गॅलरी आहे, खाली फुलांच्या गाड्यांच्या रांगा, लांबून बघितलं तर मुंग्यांसारखी धावपळ. तिथे बोली वर चढत नाही, घड्याळाचा भाव वरून खाली येतो, जो आधी बटण दाबेल त्याचा माल. एक सेकंद थांबलास तर स्वस्त मिळेल पण दुसऱ्याने घेतला तर गेला.

मृण्मयी_ठाणे | १८ नोव्हेंबर २०२४

मामाला फोनवर सांगितलं. म्हणाला, म्हणजे शेतकऱ्याच्या मनासारखा भाव आधी पुकारतात आणि मग उतरवतात? मग म्हणाला, जाऊन ये आणि मला सगळं सांग. आता हे पण यादीत.

पोटपूजा | २० नोव्हेंबर २०२४

खाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. तूप, पनीर, खवा, कुठलाही दुधाचा पदार्थ आणि मांसाचा पदार्थ भारतातून युरोपात नेता येत नाही, त्यामुळे घरचं तूप घरीच ठेवा. भाजणी, तेलातले थेपले, चटण्या, मेतकूट चालतं. किचन असलेली खोली बघा, सकाळी आईंना गरम मऊ भात करून दिला की दिवस बरा जातो. तिकडचं चीज कडक शाकाहारी लोकांनी विचारून घ्यावं, बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असतं. पॅनकेक, फ्राइज, पॉफर्चेस म्हणजे आपल्या आप्प्यांएवढे गोड पॅनकेक, हे मिळतं सगळीकडे. आणि हेगला गेलात तर सुरिनामी रोटी खा, १८७३ नंतर आपल्याकडच्या बिहार-उत्तर प्रदेशातून सुरिनामला (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे मोठ्या संख्येने राहतात, रोटी, बटाटा आणि लांब शेंगांची भाजी.

मृण्मयी_ठाणे | ६ फेब्रुवारी २०२५

व्हिसा आला!! दोघींचा. मुंबईहून थेट विमान, ११ ला रात्री उशिरा निघून १२ च्या सकाळी पोचणार, २२ ला परत. लायडनला कालव्यापासून दोन गल्ल्या आत एक खोली किचनसकट मिळाली, तळमजला. बागेची तिकिटं १५ तारीख सकाळी ८ ची काढली, व्हीलचेअर आरक्षित केली. आई रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या खाली तीन फेऱ्या मारतेय, म्हणे तयारी.

एक विचारायचं होतं, एप्रिलमध्ये थंडी किती असते?

कालव्याकाठी | ६ फेब्रुवारी २०२५

अभिनंदन गं! दुपारी १२-१३ डिग्री, सकाळी ५-६, पण वारा असतो तो हाडात शिरतो. छत्री घेऊ नका, उलटी होते, टोपीवालं पाणी न शिरणारं जाकीट घ्या. साडीच नेसत असतील तर आत थर्मल आणि पायात लोकरी मोजे आणि बूट, चपला नकोत. ट्रेन-बसमध्ये टॅप करायचं कार्ड लागतं, तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातलं कॉन्टॅक्टलेस चालू करून ठेवा, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप करायचं, उतरताना विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. आणि दोघींना दोन वेगळी कार्डं हवीत.

बागवेडी | ७ फेब्रुवारी २०२५

लायडनला राहताच आहात तर तिथलं हॉर्टस बोटॅनिकस सोडू नकोस, १५९० ची बाग आहे. कॅरोलस क्लुसियस नावाच्या वनस्पती-अभ्यासकाने तिथे १५९३-९४ च्या सुमाराला ट्युलिप लावले आणि नेदरलँड्समधल्या ट्युलिपवेडाची मुळं तिथपर्यंत जातात. फूल मुळात मध्य आशियातल्या डोंगरांतलं, तिथून तुर्कस्तान, तिथून युरोप. पुढे १६३७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्याच्या कंदांवर सट्टा खेळला गेला, कंद जमिनीत असताना खानावळीत बसून कागदावर खरेदी-विक्री, आणि मग हार्लेमला एका लिलावात गिऱ्हाइकच आलं नाही आणि सगळं कोसळलं. ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या फुलांसाठी लोक वेडे झाले होते ते पट्टे मावा किडीने पसरवलेल्या विषाणूमुळे पडत होते, झाड आजारी असायचं. आईला हे नक्की सांग, मावा तिला माहीत आहे.

मृण्मयी_ठाणे | १५ एप्रिल २०२५, लायडन

मंडळी, आज बाग झाली. आई झोपली आहे, मी लिहितेय, सकाळी ८ ला आत आणि संध्याकाळी सव्वासातला बाहेर.

सकाळी दारातून आत गेलो तेव्हा ट्युलिप सगळे मिटलेले होते, कळ्यांसारखे. माझा चेहरा पडला. आई म्हणाली, थांब, ऊन येऊ दे. बाकावर बसून डब्यातले थेपले खाल्ले. साडेनऊच्या सुमारास ऊन वर आलं आणि समोरचा अख्खा वाफा हळूहळू उघडायला लागला, एक पाकळी बाहेर, मग दुसरी, आत पिवळा तळ आणि काळे केसर दिसायला लागले. आई वाकून एकाच फुलाकडे बघत होती बराच वेळ. बाजूने माणसं फोटो काढत जात होती, ती हललीच नाही. मग मला म्हणाली, याला वास नाही गं. पुढे गेल्यावर हायसिंथचा निळा पट्टा लागला, तिथे वास असा की निशिगंधाच्या शेतात संध्याकाळी उभं राहावं, तिथे तिने डोळे मिटून घेतले. मी काही बोलले नाही.

एका कोपऱ्यात माळी सुकलेली फुलं खुडत होता. आई माझ्या हाताला ओढत त्याच्याकडे, विचार याला किती खोल लावतात. त्याने बोटांनी दाखवलं, कंदाच्या उंचीच्या तिप्पट. मग आईने त्याला खुणेनेच विचारलं की माती कुठली, त्याने मूठभर उचलून तिच्या तळहातावर दिली. पांढरट वाळूच. समुद्र जवळ आहे ना. आईने चोळून बघितली आणि मान हलवली, पाणी धरत नाही म्हणून कंद सडत नाही. तो माणूस हसला, त्याला मराठी कळत नव्हतं पण काय म्हणाली ते कळलं.

व्हीलचेअर घेतली ते फार बरं केलं, कालव्याकाठी तुझे उपकार. दुपारी एकनंतर ती बसली. ११ ते ३ प्रचंड गर्दी, तेव्हा आम्ही ऑर्किडच्या काचघरात होतो. चारनंतर टूरच्या बसेस निघून गेल्या आणि बाग निवांत झाली, तो वेळ सगळ्यात सुंदर, तिरपं ऊन आणि वाफ्यांमध्ये कुणी नाही. पवनचक्कीवर मी एकटी चढले, जिना आहे, वरून पलीकडची शेतं दिसतात, लाल पिवळे गुलाबी सरळ पट्टे थेट क्षितिजापर्यंत. खाली येऊन आईला व्हिडिओ दाखवला. प्रवासी_पक्षी, वर उभी असताना तुमच्या मिसेसची आठवण झाली, खरंच परत या तुम्ही.

प्रवासी_पक्षी | १५ एप्रिल २०२५

वाचून दाखवलं. हिचे डोळे भरून आले. पुढच्या एप्रिलचं आत्ताच बघतो.

मृण्मयी_ठाणे | २६ एप्रिल २०२५, ठाणे

परत आलो. राहिलेलं लिहून टाकते, पुढच्यांना उपयोगी पडेल.

हार्लेमला रविवारी रथ बघितले, कालव्याकाठीचं म्हणणं बरोबर, जवळून बघायला मिळतात. हायसिंथचं एकेक फूल सुटं करून टोचलेलं. आई म्हणाली आपल्याकडे पण फुलांची आरास करतात पण इतकं घट्ट नाही बसवत.

आल्समेरला शुक्रवारी गुड फ्रायडे येत होता म्हणून बुधवारी १६ ला पहाटे गेलो. आईने गॅलरीतून मामाला व्हिडिओ कॉल लावला आणि तासभर तो बघत होता, त्याचं सकाळचं काम थांबवून. तिला गाड्यांच्या रांगांपेक्षा एकच गोष्ट लागली, फुलं पाण्याच्या बादल्यांत उभी होती, एकही क्रेट दाबून भरलेला नाही, एकही फूल जमिनीवर तुडवलेलं नाही. आपल्या यार्डात दुपारी उरलेल्या झेंडूचा ढीग बघितलेला असतो ना, तिला तेच आठवत असावं. मामाने विचारलं, उरलेल्या मालाचं काय करतात. मला उत्तर देता आलं नाही.

आणि शेत. १९ ला लिसे आणि हिलेगोमच्या मधल्या रस्त्याने हळूहळू गेलो, व्हीलचेअर नव्हती, पन्नास पावलं आणि मग बांधावर बसायचं. एका शेतात सकाळीच मुंड्या उडवलेल्या होत्या. लाल पाकळ्या सरींमधून पडलेल्या, कडेला चारीजवळ ढीग घातलेला, छातीएवढा. आई ढिगाजवळ गेली, वाकून एक फूल उचललं, अजून ताजं होतं. पुसून पदरात धरलं. मग परत ठेवलं ढिगावर, नीट, देठाकडून. म्हणाली, कंद भरू दे.

नवा_सदस्य_नाशिक | २८ एप्रिल २०२५

फार छान धागा. आमचे आईवडील ७५ च्या पुढचे आहेत, पुढच्या वर्षी न्यायचा विचार आहे. दोन व्हीलचेअर एकदम मिळतात का? आणि बसमध्ये चढवता येतात का?

मृण्मयी_ठाणे | २८ एप्रिल २०२५

आरक्षण करताना संख्या विचारतात, दोन घेऊ शकता, फक्त लवकर करा. बागेची व्हीलचेअर बागेतच ठेवावी लागते, दारात घ्यायची आणि दारात परत करायची. त्यामुळे स्टेशनपासून बागेपर्यंत स्वतःची घडीची असेल तर न्या. ८५४ ची पायरी खाली असते, ड्रायव्हर फळी टाकून देतो, आम्ही एका आजोबांना तसं चढताना बघितलं. आणि ८ चं तिकीट काढा, आईवडील आपल्याकडे तसेही पहाटेच उठतात.

कालव्याकाठी | २८ एप्रिल २०२५

@नवा_सदस्य_नाशिक, लायडनला राहणार असाल तर मला निरोप टाका. घडीची एक खुर्ची माझ्याकडे आहे, सासूबाईंची. माळ्यावर नुसती पडून आहे.